आली, गेली, आली

औसा रोडवरच्या बँकेच्या तळघरात
रात्री सव्वादोनला
एक केबल सैल झाली.
तुटली असती तर बरं होतं.
सैल केबल म्हणजे दारातला पाहुणा,
धड बसत नाही, धड निघत नाही.

पडद्यावर ओळी:
एसडीसी आली.
एसडीसी गेली.
आली. गेली. आली.
मिनिटाला चारशे वर्द्या,
आणि माझा प्रोग्राम जुन्या मुनिमासारखा
एकेक वर्दी उघडतो, चष्मा पुसतो,
पहिल्यापासून सगळ्या डिस्का पुन्हा मोजतो.
रांग वाढत चाललीय.
उद्या एक तारीख. दहाला वर खिडक्या उघडतील.

मुजीब उदगीरचा. रॅकमागं अर्धा शिरलेला,
तोंडात टॉर्च, म्हणून शब्द चपटे:
"म्याडम, आली न् गेली, दोन्हीला काट मारा की.
हिशोब शून्यच यायलाय."

अर्धं बरोबर बोलतो.
आली, मग गेली,
तर त्या येण्याचं आता कुणाला काय?
येणं खोडते. जाणं मात्र ठेवते;
त्याच्याही आधीचं एखादं येणं
कुठंतरी खात्यावर चढलेलं असेल.
एकाच पेटीकडं जाणाऱ्या चार वाटा
एकामागोमाग उगवल्या
तर चौघींना एका पाटावर बसवते,
एकदाच ओवाळते.
इथवर हात अडखळत नाही.

उलट क्रम आला की थांबते.
गेली, मग आली.
मुजीबच्या हिशोबानं हेही शून्य.
नाव तेच, खाच तीच, हिरवा दिवा तसाच.
पण मधल्या अर्ध्या सेकंदात
कुणी दुसरीच खोचली असेल तर?
नावाचं काय,
मोकळं दिसलं की यंत्र देऊन टाकतं.
आणि मी जुन्या खात्याचे आकडे
निवांत तिच्या अंगावर गोंदत राहीन.

माझं नाव महानंदा.
माझ्या आधी एक महानंदा होती,
भूकंपाच्या रात्री चार वर्षांची.
मी पुढच्या वर्षी, पत्र्याच्या शेडात.
आईनं तेच नाव ठेवलं.
गावानंही तेच केलं,
तीन किलोमीटर सरकलं
आणि जुनीच पाटी लावून बसलं.
रेशनचा कारकून म्हणाला,
एक कमी करा, एक वाढवा,
दोन-दोन अर्ज कशाला? नाव तर तेच हाय.
कार्डावर काहीच घडलं नाही.
म्हणून कागदावर मी
माझ्यापेक्षा पाच वर्षांनी थोरली.
पहिलीला मास्तर म्हणाले,
अकरा वर्षांची, अन् एवढीशी?
आई माझ्या रिबिनीची गाठ
सोडून परत बांधत होती.

तीन वाजून छप्पन्न.
नियम लिहिते:
जाण्यानंतरचं येणं जाण्याला जोडू नये.
आधी जाणं पुरतं होऊ द्यावं,
धरलेलं खाली ठेवावं.
मग आलेलीला नाव विचारू नये,
अंगावर कोरलेला क्रमांक विचारावा.

मुजीब बाहेर येतो, केसांत जाळी,
हातात कुरतडलेली केबल. घुशीचं काम.
नवी बसवतो. डिस्क येते.
क्रमांक ताडून बघते: तीच.
रात्रभर तीच होती.
"बगा," मुजीब म्हणतो, "उगंच तुमी."
असेल उगंच.
नियम तसाच ठेवते.

रांग ओसरलीय. हजाराच्या सत्तावीस उरल्या.
गेटवर सिद्रामप्पा वही पुढं करतो.
रात्री घाईत आले, तेव्हाची सही राहिली होती.
"करून टाका दोन्ही एकदमच."

मी आधी येण्याची करते.
पेन उचलते.
बाहेर पहिली एसटी रिव्हर्स घेतेय, कंडक्टर पत्रा बडवतोय.
मग जाण्याची.