दाराच्या आतल्या बाजूला

कुपवाडच्या शीतगृहात तीन कंपन्यांची यंत्रं
आणि तिघींचा एकमेकींशी अबोला.
कॉम्प्रेसरशी बोलायचं तर पुण्याहून माणूस यायचा,
लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवून बसायचा,
दोन कळा दाबायचा, चहा घ्यायचा
आणि बिलावर लिहायचा : सेवा.

अण्णू ऐनापुरे, बाजार समितीतला जुना तोलणार,
त्याला बघून म्हणायचा, हे तर हळदीच्या सौद्यातलं काम.
रुमाल टाकायचा, रुमालाखाली बोटं धरायची.
चार बोटं म्हणजे किती,
हे धरणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक.
ज्याची हळद
तो पोत्याला टेकून छताचे पत्रे मोजत उभा.

मग ती कंपनी बुडाली.
पासवर्डही तिच्याबरोबर.
तीन नंबरच्या खोलीत पडद्यावर चार अंश
आणि आत हात घातला तर बेदाणा घामेजलेला.

पद्मजा मगदूम आली ती तेव्हा.
दोन तारा ओढल्या, सगळ्यांना मिळून दोनच.
म्हणाली, यात माझं काही नाही काका,
हे सगळं आधीच लिहून ठेवलंय, कुणीही वाचावं असं.
कुणी लिहिलं?
नावं नाही माहीत. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं,
पण एका टेबलाशी बसली
आणि एका शब्दावर दोन वर्षं भांडली :
बंद म्हणजे
बंद केलेलं, की बंद पडलेलं?

बावीस वर्षं पॅनेल जोडतोय मी.
हा प्रश्न मला रोज पडायचा.
इतक्या लांब कुणाला पडला असेल
असं कधी वाटलं नव्हतं.

तिनं एक कागद चिकटवला
पॅनेलच्या दाराला, आतून :
१ – खोलीचं तापमान, दहानं भागा
२ – दार. शून्य लागलेलं, एक उघडं
३ – पंखा. शून्य बंद केलेला, एक चालू, दोन बंद पडलेला

आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत.
कुणी रंगवले, आम्ही कधी विचारलं नाही.
कृष्णा चढली की रिक्षावाला, तहसीलदार,
शंभर फुटी रोडवरची भाजीवाली, सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा.
एकोणचाळीस, म्हणजे गाद्या माळ्यावर.
चव्वेचाळीस, म्हणजे म्हशी सोडा.
अमक्या कंपनीचे फूट वेगळे असते
तर कोण कुठल्या मजल्यावर बसलं असतं?

परवा पंखा जळाला. मी लग्नाला जतला.
नव्या पोरानं, इरफान मुल्लानं,
भलत्याच कंपनीचा पंखा आणून दुपारीच जोडला.
मला फोनसुद्धा नाही.
कागदाखाली पेन्सिलीनं एक ओळ :
४ – नवा पंखा. मागचा जळला. बाकी वरच्यापरमाणं.

खरं सांगतो, बरं नाही वाटलं.
पूर्वी रात्री दोनला फोन यायचे,
बायको कुरकुरायची, आणि मी
शर्टाची बटणं जरा सावकाश लावायचो.

त्या पॅनेलात एक पिवळी तार आहे.
मीच टाकलेली, सतरा साली.
ती कशाची, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.
संध्याकाळी सगळे गेल्यावर दार उघडलं,
इरफानचीच पेन्सिल घेतली,
पाच आकडा घातला
आणि बराच वेळ अक्षर नीट येईना.