प्ले

विश्रामबागेत चौगुलेंच्या सन्मतनं
झेरॉक्सचं दुकान मोडून गेमचं दुकान टाकलं.
तासाला साठ रुपये, एसी, खिडक्यांना काळा कागद,
आणि टेबलाला बोल्ट मारून बसवलेलं खरंखुरं स्टिअरिंग.
म्हणाला, दस्तगीरमामा, पहिला तास तुमचा फुकट,
आयुष्य स्टिअरिंगवर काढलंय तुम्ही.

चालवल्या कमीच. मी गाड्या सरळ केल्या.
कुपवाड रोडला, पत्र्याच्या शेडात, एकतीस वर्षं.
हळदीची पोती वाहून कंबर गेलेले टेम्पो,
वरातीची भाड्याची स्विफ्ट,
मिरजेच्या डॉक्टरांची, दारात उभ्या उभ्याच टायर झिजलेली.

ही गाडी मात्र दिसायला, काय सांगू.
जांभळा रंग, त्यात आतून चमक,
बॉनेटवरून ढग जातो तो उलटा,
ओल्या डांबरात दुकानांच्या पाट्या उलट्या.
कुठल्या देशातल्या, वाचता येत नाहीत,
पण उलट्या आहेत हे कळतं.
सीटच्या शिवणीचा टाकान् टाका.

पहिलं वळण आलं. मी वळवलं.
गाडीनं विचार केला. मग वळली.
दुसऱ्याला आधीच वळवलं,
तर ओल्या फरशीवर साबणाची वडी सुटावी तशी सुटली,
भिंतीला घासली,
आणि कसलंही वाईट न वाटता पुढे गेली.

चाकाखाली काही नव्हतंच.
वळणात बाहेरचा टायर कुरकुरतो ना,
ती कुरकुर येते, सन्मत, स्पीकरमधून झकास येते,
मनगटात येत नाही.

म्हणालो, हिला प्ले आहे.
म्हणाला, व्हय की मामा, प्लेच करायचंय.

तसं नव्हे रे.
स्टिअरिंग हललं आणि चाक हललं
यांच्या मधे जी रिकामी जागा राहते, ती.
कासम वस्ताद डोळ्यांवर फडकं बांधायचे,
टाय रॉडवर हात ठेवायला लावायचे, विचारायचे, किती?
अर्ध्या सुताचा फरक सांगायला
मला दोन वर्षं लागली, आणि बऱ्याच शिव्या.

सवयीनं खाली वाकलो, टेबलाखाली.
एक काळी वायर. चार बोल्ट.
पाना लावावा असं काही नाही.
सन्मतनं वरूनच आकडे फिरवले.
चाळीसला गाडी म्हैस झाली, नव्वदला माशी.
पोरं तक्रार करत न्हाईत?
करतात की. पण दुसरी लावली
तर म्हणतात, ही दिसायला भंगार आहे.

शेवटची वीस मिनिटं मी शर्यत सोडून दिली.
आठांत आठवा होतोच.
समुद्राच्या कठड्याला गाडी लावली,
सातही जण दोनदोनदा शेजारून गेले.
कॅमेरा फिरवायचं बटण सन्मतनं दाखवलं,
तो नेला पुढच्या चाकापाशी, अगदी जवळ.
नटाला आटे होते.
एकेक आटा वेगळा, त्याच्या कडेला बारीकसा उजेड.

कोण असेल हा.
कुठल्या गावात, कुठल्या खुर्चीत, रात्रीचा जागून
याने ते आटे काढले,
जे शर्यतीत कुणाला दिसणार नाहीत.
त्याच्या हाताला मी नाव ठेवणार नाही.
पण त्याच्या शेजारच्या खुर्चीत जो बसला होता,
वळणाचं काम ज्याच्याकडे होतं,
त्याला एकदा कुपवाडला पाठवा.
चहा देतो. डोळ्यांवर फडकं बांधतो.

तास संपला तसा पडदा आपोआप काळा झाला.
बाहेर माझी व्हॅन, तिचा रंग आता
नेमका कोणता म्हणायचा हे आरटीओलाच माहीत.
बारा वर्षं ती डावीकडे ओढते.
लोकांच्या सरळ करता करता राहून गेली.
आयर्विन पुलावर चढलो,
सांध्यावर चाक पडलं, मनगटाला कळलं,
पुढच्या सांध्यावर परत कळलं.
दोन सूत उजवीकडे धरून
सांगलीवाडीपर्यंत आलो, सरळ.