वयाचा रकाना

सिव्हिल लाइन्स. हायकोर्टाच्या भिंतीशी
कडुनिंबाखाली माझा टाइपरायटर.
नागपूरचा मे; बटणं चटका देतात.
'महामहिम राष्ट्रपती' एवढं
न बघता येतं बोटांना.

मासे तलांडी समोर उकिडवी.
भाचा तिची माडिया मराठीत आणतो, अर्धीमुर्धी:
पोरगा वर्धा रोडच्या जेलात, फाशी यार्डात.
दलमनं नेला तेव्हा
बंदूक त्याच्याहून वीतभर उंच होती.

वय सांग बाई, वयावरच आहे सगळं.
ती म्हणते, ज्या साली बांबू फुलला.
शाळेचा दाखला?
शाळेत तर पोलिसांचा कॅम्प.

फॉरेस्टातून रिटायर झालेल्या धात्रकांना फोन लावला.
कोणत्या डोंगरावरचा बांबू, त्यांनी विचारलं.

त्या सुरुंगात गेलेल्या सहा शिपायांत
माझ्या साळ्याचा धाकटा होता.
भरतीत वजन कमी भरलं म्हणून
दुसऱ्या खेपेला डझनभर केळी खाऊन गेलेला.
हे मी तिला सांगितलं नाही.

रकाना कोरा सोडता येत नाही.
लिहिलं: बांबू फुलला त्या साली.
रिबन सुकलेली, म्हणून दोनदा.

अंगठा उठवताना ती काही पुटपुटली.
भाचा म्हणाला, विचारते आहे,
दिल्लीत बांबू होतो का?