नऊ मेखा

अटी वाचताना मी आवाज सपाट ठेवते,
बोटीचं वेळापत्रक वाचावं तसा.
वय अठरा ते पंचावन्न.
गेल्या दोन वर्षांत आजाराने एकदा तरी उसळी घेतलेली असावी.
काठीविना शंभर मीटर चालता यावं.
पोटात मूल नको, छातीत पेसमेकर नको,
महिनाभरात स्टिरॉइड नको.

थोडक्यात, माणूस आजारी हवा,
पण बेताबेताने.

इंगा रेंडल मान तिरकी करून ऐकत होती.
किर्कवॉलहून रात्रभर बोटीने अ‍ॅबर्डीनला आलेली,
केसांत अजून खारा वारा.
शेजारी धाकटी बहीण, थोरा,
मांडीवर दोघींचे कोट, आणि कोटांखाली
घडीची काठी, माझं दार उघडताच लपवलेली.
मी पाहिली.
पण काठी दिसली का, असा रकाना
अर्जात नाही.

मग लाकडी पाटी पुढे सरकवली.
नऊ भोकं, नऊ मेखा.
एकेक उचलायची, बसवायची, पुन्हा काढायची.
घड्याळ माझ्या हातात.
इंगा हसली. बत्तीस वर्षं खेकड्यांचे सापळे विणलेत मी,
म्हणत असशील तर डोळे मिटून करते.
आणि उजवा हात खरोखर असा चालला
की घड्याळ बघायचं मलाच सुचेना.

डाव्या हातातून सहावी मेख निसटली,
टेबलाखाली गडगडत गेली.
तिघीही वाकलो.
थोराला सापडली. तिने ती मुठीत धरली
आणि क्षणभर कुणालाच दिली नाही.

चालणंही झालं.
शेवटचे तीस मीटर तिचा डावा पाय
फरशी पुसत आला,
पण आला.
मी खूण केली: होय.

राहिला औषधांचा प्रश्न.
इंगा सावरून बसली, जणू याचीच वाट पाहत होती.
तीन आठवड्यांमागे, ती म्हणाली,
उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं,
धक्का दिसेना, धक्क्यावरचा माणूस दिसेना.
बेटावरच्या डॉक्टरांनी तीन दिवस सलाईन लावलं.
याला उसळी म्हणतात ना?
तुम्हाला हवी आहे ती?
शाळेत दाखला पुढे करावा
तशी तिने डिस्चार्जची चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठीवर स्टिरॉइडचं नाव, डोस, तारीख.
महिन्याला नऊ दिवस कमी.
आणि भरती शुक्रवारी बंद.

इथेच मेख होती. दहावी.
पाटीवर तिच्यासाठी भोक नाही.

म्हणजे डोळा तसाच जाऊ द्यायला हवा होता?
रागाने नाही विचारलं तिने;
परतीची बोट कुठून सुटते, असं विचारावं
तसं विचारलं.
माझ्याकडच्या कागदांत याचं उत्तर
छापलेलं नव्हतं.

दुसरा अर्ज मी काढणार नव्हते.
तो टेबलावर होताच, आणि थोराने तो उलटा वाचला:
तुलनेसाठी धडधाकट व्यक्ती हव्यात,
सख्खं भावंड असल्यास उत्तम.
ही मी आहे, ती म्हणाली,
आणि म्हटल्या म्हटल्या
चोरी पकडल्यासारखी लाल झाली.

अठरा ते पंचावन्न: होय.
झटका: कधीच नाही.
चालणं: तिने खिडकीबाहेर पाहत सांगितलं,
हवं तेवढं.
पात्र, असं मी लिहिलं.

इंगाच उठली. टेबलाला धरून.
बहिणीच्या बाहीचं बटण काढू लागली,
डाव्याच हाताने, हट्टाने.
बटण निसटायचं, बोट निसटायचं,
थोराने हात तसूभर हलवला नाही.
किती सेकंद लागले,
मी मोजले नाहीत.

सहा नळ्या भरल्या. नावाच्या जागी क्रमांक.
आडनाव तेवढं दोघींचं एकच होतं,
नियमाप्रमाणे तेही झाकलं.

तोवर इंगा दोन्ही कोट मांडीवर घेऊन बसली होती.
या वेळी काठी
वर होती.