अपूर्ण वर्तमानकाळ

पुण्यात मुलाखतीला म्हटलं,
'सर, मी अजून शिकून राहिली.'
तिघंही हसले. एकानं विचारलं,
'म्हणजे शिकता, की राहता?'

मग सहा वर्षं
क्रियापदं इस्त्री करून घातली.
'मले'ची मात्रा उतरवली.
'काऊन' तर
आईच्या फोनपुरतंच,
तेही ऑफिसच्या जिन्यात जाऊन.

परवा अजनीला उतरले.
'धंतोलीला येणार का हो?'
ऑटोवाल्यानं वळून पाहिलं.
'बाहेरून आल्या काय मॅडम?'
आणि वीस रुपये जास्त सांगितले.

फाटकाशी बेबीमावशी,
कूलरची जुनी ताटी झटकत:
'काऊन वं, येऊन राहिली का?'

येते, की राहते?
बॅग खाली ठेवून
नुसतं 'हो' म्हटलं.
पुढचं क्रियापद
जिभेवर येऊन राहिलं.