घट

अख्खी गोळी भरते अडीच गुंजा.
हे एकाही डॉक्टरला ठाऊक नसेल.
मला आहे, कारण सेलूच्या सराफ्यात
माझ्या काचेच्या पेटीत काटा आहे
आणि रात्री अडीचला दुसरं काही जोखायला नसतं.

पाथरी रोडला लुना घसरली त्याला सहा वर्षं झाली.
मणक्यात चार स्क्रू, टायटॅनियमचे.
आयुष्यभर धातू हाताळला
आणि अंगात बसवला तो असा, ज्याला मोड नाही.
दुखलं की घ्या, म्हणाले होते. दुखलं. घेतली.
मग दुखायच्या आधी घेतली.
मग दुखेल या भीतीची एक, वेगळी.
कासटांच्या मेडिकलवरचा पोरगा
चिठ्ठी न बघता पाकीट सरकवायचा,
नेहमीच्या गिऱ्हाइकाला आपण तरी कुठं पावती विचारतो.

नांदेडच्या नुसरत मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं.
एकदम सोडायची नाही, म्हणाल्या, उतरायची.
पंधरा दिवसाला थोडी. नाही जमलं तर त्याच पायरीवर बसा,
पण मला विचारल्याशिवाय वर चढू नका.
लोकांचे कान टोचणारा मी,
माझे टोचले ते असे, हळू आवाजात.

पूर्णेला गाडी चाळीस मिनिटं उभी होती.
तिकिटाच्या मागं हिशेब मांडला:
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दागिन्यातून घट कापली,
आता स्वतःतून.
सोपं वाटलं. आठ दिवसाआड नळ येणाऱ्या गावाला
कमीत भागवणं काय शिकवायचं?
पण रिकामा हंडा रात्रभर पाय झाडत नाही.

मी झाडले.
जांभया, एकीला लागून दुसरी. नाक गळतंय, पोट धरवत नाही.
ऐन मे महिन्यात, पत्र्याखाली, अंगावर काटा,
आणि या काट्याला पारडी नाहीत.
शालनवर ओरडलो, भाकरी गार आहे म्हणून.
गार नव्हती.
ती ताट उचलून आत गेली.
रात्री मी ब्लेडनं गोळी तासत होतो,
चुरा पारड्यात, श्वास धरून,
तर मागून तिचा आवाज,
"काय करायलाव? सोनं का जोखायलाव?"
त्याहून महाग, म्हटलं.
"मग पाकीट माझ्यापाशी द्या."
तेव्हापासून ते शिलाई मशीनच्या खणात असतं,
बॉबिनांच्या खाली, आणि मला ते माहीत आहे,
आणि मला ते माहीत आहे हे तिला माहीत आहे.

सव्वा गुंजेवर सहा आठवडे अडकलो.
पायरीवर बसूनच होतो.
तिथं एक कळलं. दुखणी दोन होती.
एक कंबरेतलं, जुनं, डाव्या मांडीत उतरणारं,
मांडी घालून बसलो की येणारं.
दुसरं घड्याळ बघून यायचं.
कसोटीवर घासून पाहिलं तेव्हा रेघ वेगळी दिसली.
दुसरं झिजत गेलं.
पहिलं आहे तेवढंच आहे, खोटं का बोलू.

परवा वालूरहून एक बाई आली
लेकीचे कान टोचायचे म्हणून.
चार वर्षं मी नाही म्हणत आलो,
बोटं पेंगायची, समोरच्या बंगाली कारागिराकडं पाठवायचो.
परवा तार घेतली. टोक दगडावर घासलं.
"दुखेल का हो?" बाईनं विचारलं.
यावर म्हणायचं ठरलेलं असतं, मुंगी चावल्यागत.
दुखेल, म्हणालो.
पोरीनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं नाही.
मग दुकानाबाहेर ऐकू जाईल एवढं रडली,
मग गुळाचा खडा दिसला.

रात्री मॅडमच्या वहीत लिहिलं:
पाऊण गुंज. कंबर दुखते.
कान दोन, एका रेषेत.