नीरम

बेलापूरच्या वर्गात, तिसऱ्या मजल्यावर,
मी घरून परात घेऊन जातो.
अर्धी भरतो, आणि तन्वीर मुकादमला सांगतो, दारापर्यंत ने.
चार पावलांत त्याचे बूट भिजतात.
पोरं हसतात. हसू दे.
सूत्र विसरतील, ओले मोजे विसरणार नाहीत.

टाकी काठोकाठ भरा, नाहीतर कोरडी ठेवा.
अर्धं पाणी जहाजाचं नसतं,
ते कलेल त्या बाजूचं असतं.

मग झोक्याचं सांगतो.
तळाशी फार वजन झालं की जहाज हट्टी होतं,
झटक्यासरशी सरळ येतं,
भटारखान्यातली भांडी फोडतं, कंटेनरचे बांध तोडतं.
त्याला एवढं भ्यायचं नाही.
भ्यायचं ते संथ झोक्याला,
जो कलतो, आणि तिथंच
विचार करत राहतो, परत यावं का.

माझ्या बापाला हे परातीशिवाय ठाऊक होतं.
जोमा केणी, रेतीबंदर, मुंब्रा.
होडी रिकामी निघाली
की पारसिकचे दहा-बारा दगड तळात रचायचा,
एकेक हातानं दाबून,
गोधडीत पोरं निजवावीत तसे.
नीरम म्हणायचा त्याला.
"रिकामी होरी नाचते रं. भरलेली चालते."
रेती चढत गेली की एकेक दगड खाडीला.
किती डोंगर त्यानं असा बुडवला, हिशेब नाही.

पुढं रेती बंद झाली.
होडी चिखलात बसली.
मग आई गेली.

तो कलला.
पडला नाही. कलला, आणि तसाच थांबला.
आम्ही वरच्या बाजूला वजन टाकत सुटलो:
ताईचं कोपरखैरण्याचं घर, नवा टीव्ही,
सकाळचा हास्यक्लब, शिर्डी,
भाच्याच्या बारशात पुढची खुर्ची.
एका रात्री तो आडवा उसळला.
ताटं, शिव्या, दाराची कडी.
तीन महिने न बोललेला माणूस
तीन दिवस गप्प बसेना.
तितकाच कललेला, फक्त पलीकडं.

आणि फळ्यावर, माझ्याच अक्षरात, दर वर्षी:
जहाज कलून थांबलं तर
वरच्या बाजूची टाकी आधी भरू नका.
खालची भरा.
अजून कलेल. कलू द्या.
तळ जड झाल्याशिवाय ते उभं राहत नाही.

रविवारी मुंब्र्याला गेलो.
तो होडीच्या डाव्या काठावर बसला होता,
मी त्याच बाजूला बसलो. फळी करकरली.
आईचं नाव मीच काढलं.
आधी तिचं चिंबोऱ्यांचं कालवण,
मग कळव्याचं हॉस्पिटल,
मग आपण उशीर केला, तेही.
तो आणखी वाकला.
भरतीचं पाणी तळाच्या भेगांतून आत आलं,
होडी काही उचलली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
"त्यो दगर दे बरं इकडं."
कशाला, ते मी विचारलं नाही.
दोन्ही हातांनी उचलून दिला.